कुत्र्याचें फेफरें आणि घरच्यांचें कर्तव्य

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत कुत्रा नाहीं अशी वस्ती सांपडणें कठीण. नीरेच्या डाव्या कालव्याखालीं ऊंसाच्या मळ्यांत राखणीला कुत्रा असतो. जिरायत पट्ट्यांत धनगराच्या मेंढ्यांबरोबर तो रानोमाळ चालतो. आणि बारामती शहराच्या नव्या वसाहतींत लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल अशा परदेशी जातींचीं कुत्रीं दिवाणखान्यांत वावरतांना दिसतात. या सर्वांची राहणी भिन्न असली, तरी एक विकार यांपैकीं कोणासही गांठूं शकतो, आणि त्याचें स्वरूप ठाऊक नसल्यामुळें कुत्रा व त्याचा धनी या दोघांसही नाहक दुःख भोगावें लागतें. हा विकार म्हणजे फेफरें. वैद्यकांत त्याला अपस्मार म्हणतात; बोलण्यांत कोणी मिरगी म्हणतो, कोणी आंकडी, तर कोणी नुसतें 'फीट' म्हणून मोकळा होतो.

झटका येतो तो बहुधा विश्रांतीच्या वेळीं, रात्रीं किंवा पहाटे. कुत्रा निजलेला असतो, नाहीं तर नुकताच जागा झालेला असतो. एकाएकीं त्याचें अंग ताठ होतें, तो एका कुशीवर पडतो, मान मागें वळते, आणि चारही पाय पोहल्यासारखे हालूं लागतात. जबडा वाजतो, तोंडाला फेस येतो, मलमूत्र सुटतें. डोळे उघडे असतात, परंतु त्यांना कांहीं दिसत नसतें. एक-दोन मिनिटांत हें सर्व थांबतें. नंतर तो उठतो खरा, पण भिंतीवर आपटतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाहीं, घरभर येरझाऱ्या घालतो, अधाशासारखा खातो-पितो. आणि कांहीं तासांनीं, क्वचित् एक-दोन दिवसांनीं, पूर्वीसारखा शेपूट हालवीत दारांत येऊन बसतो.

हा देखावा प्रथमच पाहणाऱ्याचें काळीज चरकतें यांत नवल नाहीं. पण खरें संकट पुढेंच असतें. आरडाओरडा ऐकून शेजारीपाजारी जमतात आणि तोंडाला फेस पाहून कोणीतरी बोलून जातो कीं, 'कुत्रा पिसाळला!' हा एक शब्द कुत्र्याच्या जिवावर बेततो. भीतीनें त्याला काठीनें मारतात, विष घालतात, किंवा पोत्यांत घालून दूर कोठेंतरी सोडून येतात. रोगानें जो मेला नसता, तो अज्ञानानें मरतो. म्हणून फेफरें म्हणजे काय, आणि पिसाळणें म्हणजे काय, हा भेद प्रत्येक घरांत माहीत असणें अगत्याचें आहे.

अपस्मार हा शब्दच त्या रोगाचें वर्णन करितो. स्मर म्हणजे स्मृति. ती ज्यांत निघून जाते तो अपस्मार. चरकसंहितेंत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहेत. नटराजाच्या मूर्तींत शिवाच्या पायाखालीं जो बुटका पुरुष दडपलेला दिसतो, त्याचेंही नांव अपस्मारच. ग्रीक लोक या रोगाला पवित्र रोग, म्हणजे दैवी कोप मानीत. परंतु हिपोक्रॅटीसच्या नांवावर असलेल्या एका प्राचीन ग्रंथांत, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं व त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें स्पष्ट सांगितलें आहे. आणि त्याला पुरावा म्हणून शेळ्यांचें उदाहरण दिलें आहे. मनुष्याचा व जनावराचा हा रोग एकाच जातीचा आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

आधुनिक शास्त्रानें त्याचा उलगडा असा केला आहे. मेंदूंतील असंख्य पेशी एकमेकींना विजेच्या सूक्ष्म लहरींनीं निरोप धाडीत असतात. कांहीं निरोप चेतविणारे असतात, कांहीं आवरणारे. या दोहोंचा तोल असतो तोंपर्यंत चालणें, पाहणें, ओळखणें सुरळीत चालतें. तो तोल क्षणभर सुटला म्हणजे पेशींचा मोठा समूह एकदम आणि एका ठेक्यांत लहरी सोडूं लागतो. पाण्याच्या पाटाचें दार फुटावें आणि सगळें पाणी एकाच वाफ्यांत शिरावें, तसा प्रकार होतो. हान्स बर्जर या जर्मन वैद्यानें मनुष्याच्या मेंदूंतील या लहरींचा आलेख काढून १९२९ सालीं तो प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्या डोळ्यांना दिसूं लागल्या. सर्व मेंदू या वादळांत सांपडला तर कुत्रा बेशुद्ध पडतो. लहानसा भागच सांपडला तर तोंडाची एक बाजू फडफडते, एकच पाय उडतो, किंवा तो हवेंतील नसलेल्या माशा पकडूं लागतो.

झटका येण्याचीं कारणें ठोकळमानानें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार असा कीं, मेंदू मुळांत निरोगी असतो, पण शरीरांत शिरलेलें विष किंवा रक्तांतील बिघाड त्याला चेतवितो. या दोन तालुक्यांत हें विशेष ध्यानांत ठेवावें. डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागांत, ऊंसांत आणि भाजीपाल्यांत कीटकनाशकें वापरलीं जातात. उंदरांसाठीं झिंक फॉस्फाइडचीं आमिषें ठेवलीं जातात. फवाऱ्याच्या बादलींतलें पाणी प्यालेला किंवा विषारी आमिष खाल्लेला कुत्रा झटके देऊं लागतो. कीटकनाशकाची बाधा असेल तर लाळ भरमसाट गळते, अंग थरथरतें, ओकारी व हगवण होते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीला रक्तांतील चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडल्यानें, लहान पिलाला उपासानें साखर उतरल्यानें, आणि कडक उन्हाळ्यांत कोणासही ऊष्माघातानें झटके येऊं शकतात. यांना खरें फेफरें म्हणत नाहींत. मूळ कारण वेळेवर दूर झालें तर ते थांबतात.

दुसऱ्या प्रकारांत मेंदूलाच इजा झालेली असते: डोक्याला मार, गांठ, किंवा डिस्टेंपरसारखा संसर्ग. डिस्टेंपर लस न टोंचलेल्या तरुण कुत्र्यांत आढळतो. त्यांत नाका-डोळ्यांतून घाण येते, ताप असतो, आणि जबडा कांहीं चघळत असल्यासारखा हालत राहतो.

तिसरा प्रकार हाच या लेखाचा मुख्य विषय. यांत मेंदूंत दिसण्याजोगें कांहींच आढळत नाहीं. पुष्कळदां तो आनुवंशिक असतो. पहिला झटका साधारणपणें सहा महिने ते सहा वर्षें या वयांत येतो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळांत कुत्रा सर्वस्वीं निरोगी असतो. जगांत जेथें मोजदाद झाली आहे तेथें हा रोग शंभर कुत्र्यांत एकाहूनही कमी कुत्र्यांस आढळला आहे. तथापि कांहीं जातींत तो याहून अधिक दिसतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि बीगल या आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या जाती त्यांतच येतात. यावरून एक नियम निघतो. फेफरें असलेल्या कुत्र्यापासून वा कुत्रीपासून पैदास करूं नये. आणि पिलूं विकत घेतांना त्याच्या आईबापांस हा विकार होता काय, हें विचारण्यास संकोच करूं नये.

आतां पिसाळण्याचा प्रश्न. पिसाळणें, म्हणजे रेबीज, हा जंतुसंसर्ग आहे. तो चावण्यानें पसरतो आणि एकदां लक्षणें दिसल्यावर तो कुत्रा बहुधा दहा दिवसांच्या आंत मरतो. फेफरें संसर्गजन्य नाहीं. तें लाळेनें, स्पर्शानें किंवा एका भांड्यांत पाणी प्याल्यानें लागत नाहीं. फेफऱ्याचा कुत्रा झटका ओसरल्यावर पुन्हां माणसाळतो. पिसाळलेला कुत्रा दिवसेंदिवस बिघडतच जातो. त्याचा स्वभाव बदलतो, तो अंधारांत दडतो किंवा दिसेल त्याला चावत सुटतो, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, गिळतां येत नाहीं, मागचे पाय लुळे पडतात. लस टोंचलेली नसेल किंवा कुत्रा अनोळखी असेल तर मात्र धाडस करूं नये. त्याला दूरून बंदिस्त करावें आणि पशुवैद्यास बोलवावें. कुत्र्याचा दांत कोणाला लागलाच, मग तो झटक्यांत नकळत लागलेला कां असेना, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें व लशीविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाश्चरनें १८८५ सालीं ही लस प्रथम एका मुलाला टोंचली, तेव्हांपासून या मृत्यूला अटकाव करण्याचा उपाय मनुष्याच्या हातांत आहे. तो वापरण्यांत हयगय नको.

येथेंच पाळणाऱ्याचें पहिलें संरक्षण आहे. ज्याच्या घरीं फेफऱ्याचा कुत्रा आहे, त्यानें पशुवैद्याच्या सल्ल्यानें रेबीजची लस नियमानें टोंचून घ्यावी आणि तिचा दाखला जपून ठेवावा. शेजारी घाबरून दारांत जमले असतां शंभर शब्दांनीं जें होत नाहीं, तें या एका कागदानें होतें.

प्रत्यक्ष झटका आला असतां काय करावें? सर्वांत आधीं घड्याळ पाहावें. भीतीच्या वेळीं एक मिनिट दहा मिनिटांसारखें वाटतें, म्हणून अंदाजावर विसंबूं नये. कुत्रा जिना, ओटा, विहीर, शेततळें, कालवा किंवा चूल यांच्या जवळ असेल तर त्याला मागच्या बाजूनें धरून, अंगाखालच्या तरटासकट अलगद ओढून घ्यावें. नसेल तर जागेवरच राहूं द्यावें. आसपासचें सामान दूर सारावें, डोक्याखालीं घडी घातलेलें कापड सरकवावें, दिवा मंद करावा, रेडिओ बंद करावा, मुलांना आणि घरांतील दुसऱ्या कुत्र्यांना बाहेर न्यावें. त्याचे पाय दाबून धरूं नयेत. तोंडांत हात, चमचा, पाणी किंवा औषध घालूं नये; कुत्रा जीभ गिळतो ही समजूत खोटी आहे, पण तोंडांतल्या हाताचा चावा मात्र खरा असतो. जोडा किंवा कांदा हुंगविल्यानें झटका थांबत नाहीं. झटका आपोआप थांबतो आणि श्रेय जोड्याला मिळतें. तापलेल्या लोखंडाचा डाग देणें ही तर निव्वळ क्रूरता आहे. झटका लांबला तर अंग तापतें, म्हणून पंखा लावावा व पंजे ओल्या फडक्यानें पुसावे. घरांत दुसरें कोणी असेल तर त्यानें मोबाईलवर चित्रण करावें; वैद्यास दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षां तें अधिक उपयोगी पडतें. शुद्ध पूर्ण आल्यावरच थोडें पाणी द्यावें, आणि त्याला शांत खोलींत एकटें पडूं द्यावें.

तीन प्रसंग मात्र असे आहेत कीं, त्यांत क्षणाचाही विलंब करूं नये. झटका पांच मिनिटांहून अधिक चालला, पहिल्या झटक्यांतून शुद्धीवर येण्याआधींच दुसरा आला, किंवा चोवीस तासांत दोन वा अधिक झटके आले, तर तें प्राणसंकट समजावें व कुत्र्याला तत्काळ दवाखान्यांत न्यावें. विषबाधेचा संशय असेल तर औषधाची बाटली किंवा पुडीही बरोबर न्यावी. १९६२ या क्रमांकावर सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशीं संपर्क साधतां येतो. कठीण रोग्याची अधिक तपासणी पशुवैद्यकीय महाविद्यालयांत होऊं शकते. त्यांपैकीं एक नीरेच्याच कांठीं, सातारा जिल्ह्यांतील शिरवळ येथें आहे, आणि मुंबईंतील महाविद्यालय तर १८८६ पासून चालू आहे.

औषधोपचार केव्हां सुरू करावा, हें पशुवैद्यानें ठरवावयाचें असतें. वर्षांतून एखादा हलका झटका येत असेल तर तो बहुधा नुसती नोंद ठेवावयास सांगतो. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आले, किंवा ते एकापाठोपाठ आले, तर गोळ्या सुरू करितो. मुख्य औषधें जुनींच आहेत. लंडनच्या सर चार्ल्स लोकॉक यांनीं १८५७ सालीं पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण पुढें आणला आणि आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन वैद्यानें १९१२ सालीं फेनोबार्बिटॉलचा. दोन्ही औषधें मनुष्यासाठीं निघालीं. आज कुत्र्यांच्या उपचाराचा तींच आधार आहेत. लेव्हेटिरासिटॅमसारखीं नवीं औषधेंही गरजेप्रमाणें जोडलीं जातात.

फेनोबार्बिटॉल बहुधा दिवसांतून दोनदां, बारा तासांच्या अंतरानें, द्यावें लागतें. रक्तांत त्याचें प्रमाण स्थिर होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. ब्रोमाइडला तर दोन-तीन महिने लागतात. तेव्हां चार दिवसांत गुण आला नाहीं म्हणून औषध सोडणें ही मोठीच चूक होय. आरंभीं कुत्रा लडखडतो, फार निजतो, पाणी फार पितो, वारंवार लघवीला जातो आणि सदा भुकेला असतो. लडखडणें कांहीं आठवड्यांत कमी होतें. भूक व तहान पुष्कळदां टिकते, म्हणून खाणें मोजून द्यावें. यकृतावर ताण पडतो काय, हें पाहण्यासाठीं ठराविक काळानें रक्ततपासणी करावी. ब्रोमाइड चालू असेल तर जेवणांतील मीठ एकाएकीं वाढवूं वा घटवूं नये. मिठाच्या फरकानें त्या औषधाचें रक्तांतील प्रमाण बदलतें. आणि सर्वांत मोठा नियम हा कीं, झटके थांबले म्हणून गोळी एकदम बंद करूं नये. अचानक बंद केलेल्या औषधानें पूर्वीपेक्षां भयंकर झटके येतात. घरांत एखाद्या माणसाला हाच विकार असेल तरी त्याच्या गोळ्या अंदाजानें कुत्र्याला देऊं नयेत. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळत नाहीं, म्हणून डबी रिकामी होण्याआधीं आठ दिवस पुढची सोय करून ठेवावी.

औषधानें रोग समूळ जात नाहीं. झटके विरळ व हलके होतात, एवढेंच ध्येय ठेवावें. पुष्कळ कुत्रीं अशा रीतीनें वर्षानुवर्षें सुखानें जगतात. कांहींना मात्र दोन औषधें देऊनही गुण येत नाहीं. तेथें घरच्यांचा दोष नसतो.

घरच्यांचा विचार येथें मुद्दाम केला पाहिजे, कारण रोग कुत्र्याला असला तरी ओझें त्यांच्या खांद्यावर असतें. सकाळीं सातला आणि सायंकाळीं सातला गोळी, हा नेम वर्षानुवर्षें चालवावयाचा असतो. मळ्यावर रात्रींच्या पाळीची वीज आली कीं धनी पाणी धरावयास जातो. मग गोळी कोणी द्यावयाची? लग्नाला सहकुटुंब जावें तर कुत्र्यापाशीं कोण राहणार? तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या मार्गानें पुढें जाते. तिच्याबरोबर पंढरीस जाण्याची घरांतील वडील माणसांची इच्छा एका जनावरापायीं राहून जावी काय? त्यांतच रात्रीं जराशी खुडबुड झाली कीं दचकून जागें होणें, खर्चाची टोंचणी, 'एका कुत्र्यासाठीं एवढा जीव टाकूं नये' हें लोकांचें बोलणें. आणि हा भार बहुतेक घरांत एकट्या गृहिणीवर पडतो. माणसाच्या आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यास जो थकवा व जी उदासीनता येते, तीच येथेंही येते. तिची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

यावर उपाय साधेच आहेत. पहिला असा कीं, औषध देणें व झटका सांभाळणें हें घरांतील निदान दोघांस, आणि बाहेरच्या एकास, शिकवून ठेवावें. दुसरा असा कीं, एका जाड कागदावर औषधाचें नांव, मात्रा, वेळ, पशुवैद्याचा क्रमांक आणि 'पांच मिनिटांहून अधिक झाल्यास दवाखाना' हें वाक्य लिहून तो भिंतीला लावावा. तिसरा, एक वही करावी. तींत झटक्याची तारीख, वेळ, मिनिटें, कोणता अवयव आधीं हालला, आदल्या दिवशीं काय घडलें आणि एखादी गोळी चुकली होती काय, हें लिहावें. वहीमुळें वैद्यास मात्रा ठरवितां येते, आणि धन्यासही कळतें कीं, गेल्या वर्षीं महिन्यास दोन झटके होते, यंदां तीन महिन्यांत एकच आहे. भीति अंधारांत वाढते. नोंदीनें तिच्यावर उजेड पडतो. चौथा, शेजाऱ्यांना आधींच सांगून ठेवावें. झटक्याच्या वेळीं समजावणें व्यर्थ असतें. शांत दिवशीं सांगितलेलें लोक ऐकतात.

शेजाऱ्यांचेंही कांहीं कर्तव्य आहे. ज्या घरीं असा कुत्रा आहे, त्यांना 'सोडून द्या' असा सल्ला देण्याऐवजीं दोन दिवस गोळी देण्याचें काम पत्करावें. पाळलेलें जनावर वाऱ्यावर सोडणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाही आहे. फेफऱ्याचा कुत्रा बेवारस झाला म्हणजे त्याची गोळी बंद होते, आणि गोळी बंद झाली म्हणजे त्याचा अंत रस्त्याच्या कडेला, झटक्यामागून झटके येऊन होतो.

क्वचित् अशी वेळ येते कीं, सर्व उपाय थकतात, झटके थांबत नाहींत, आणि दोन झटक्यांच्या मध्यें कुत्र्याला सुखाचा दिवस म्हणून उरत नाहीं. अशा वेळीं पशुवैद्याशीं विचार करून त्याला वेदनेविना मरण देण्याचा निर्णय घ्यावा लागला, तर तो निष्ठुरपणा नव्हे. परंतु तो निर्णय वही पुढें ठेवून, शांत चित्तानें घ्यावयाचा असतो. पहिल्या झटक्याच्या भीतीनें किंवा शेजाऱ्यांच्या गलक्यानें घ्यावयाचा नसतो.

खंडोबाच्या पायाशीं कुत्रा आहे, दत्तात्रेयाच्या भोंवतीं चार कुत्रीं आहेत. ज्या समाजानें आपल्या देवांच्या सहवासांत या प्राण्याला स्थान दिलें, त्यानें त्याच्या आजारपणांत घड्याळाचीं पांच मिनिटें धीर धरावा, ही अपेक्षा मोठी नाहीं. तेवढा धीर धरतां आला, तर पुष्कळशीं कुत्रीं वांचतील, आणि त्यांना जिवापाड सांभाळणाऱ्या माणसांचें ओझेंही हलकें होईल.